उमराणीचे पाणी आणि प्रबंधाची तळटीप

एप्रिल १६७३. पन्हाळा नुकताच मराठ्यांच्या हाती आला होता आणि तो परत घेण्यासाठी विजापूरचा सरदार बहलोलखान फौज घेऊन निघाला होता. त्याला वाटेत गाठण्याचे काम सरनोबत प्रतापराव गुजरांकडे होते. गाठ पडली ती उमराणीला, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात. प्रतापरावांनी खानाच्या फौजेचे पाणी तोडले. फौज तहानेने कासावीस झाली, खानाने शरण येऊन वाट मागितली आणि प्रतापरावांनी ती दिली. जतच्या माणसाला या लढाईतली मेख समजावून सांगावी लागत नाही. चैत्र-वैशाखात इकडच्या माळावर पाणी ज्याच्या हाती, सगळे त्याच्याच हाती, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते.

हाच प्रसंग जतच्या एखाद्या विद्यार्थिनीला पीएच.डी.च्या प्रबंधात लिहायचा असेल, तर मात्र तिच्यापुढे वेगळाच माळ पसरलेला असतो. पाणी तोडले हे कशावरून? सांगणारा तिथे होता का? नसेल, तर त्याने ते कोणाकडून ऐकले आणि किती वर्षांनी लिहिले? गावात सांगतात ती जागा तीच, याला आधार काय? या प्रश्नांची उत्तरे कशी शोधायची हे शिकवण्यासाठीच विद्यापीठे आणि महाविद्यालये इतिहासाच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतात. दोन दिवसांची, आठवड्याची, कधी एखाद्याच दुपारची. अशा कार्यशाळेत नेमके काय शिकता येते आणि जतसारख्या तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलामुलींना तिचा उपयोग कसा होतो, हे समजून घ्यायला उमराणीसारखे उदाहरण दुसरे नाही.

म्हणून आधी उमराणीच पाहू. पाणी तोडल्याची हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत येते. सभासद शिवाजी महाराजांच्या काळातला माणूस, पण त्याने बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, घटनेनंतर वीसहून अधिक वर्षांनी. दुसरे साधन आहे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य. जयराम पिंड्ये या कवीने पन्हाळा घेतल्याच्या प्रसंगावर ते रचले आणि त्यात बहलोलखानाशी झालेली लढाईही आली. जयराम घटनेच्या फार जवळचा आहे, मात्र तो दरबारचा कवी आहे; त्याला यजमानाचा पराक्रम गायचा आहे. एक साक्षीदार जवळचा पण स्तुती करणारा, दुसरा माहीतगार पण उशिरा लिहिणारा. दोघांचे जुळते कुठे आणि फाटते कुठे हे ओळीओळीने तपासणे म्हणजे साधनचिकित्सा. हा शब्द पुस्तकात फार जड वाटतो. दोन उतारे शेजारी शेजारी ठेवले आणि हातात पेन्सिल दिली, की पदवीचा विद्यार्थीसुद्धा ती अर्ध्या तासात करू लागतो.

उमराणीचा पुढचा अध्याय तर याहून बोलका आहे. खानाला सोडल्याबद्दल महाराजांनी प्रतापरावांना बोल लावला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीला, नेसरीजवळ प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. ही सात वीरांची कथा कुसुमाग्रजांच्या कवितेने महाराष्ट्राच्या घराघरात नेली. आता विद्यार्थ्याने विचारावे: सात हा आकडा कवीचा की इतिहासाचा? उत्तर ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात सापडते. कंपनीचा नारायण शेणवी त्या दिवसांत रायगडाशी बोलणी करण्याच्या कामावर होता. घटनेनंतर सव्वाच महिन्याने, एप्रिल १६७४मध्ये, त्याने मुंबईला लिहिलेल्या पत्रात प्रतापराव दोन टेकड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत सहा स्वारांसह पडल्याचे कळवले आहे. म्हणजे आकड्याला समकालीन आधार आहे. त्या सहा जणांची जी नावे आज फलकांवर आणि व्याख्यानांत ऐकू येतात, त्यांना मात्र या पत्रात जागा नाही. प्रबंध लिहिणाऱ्याने आकड्याला एक तळटीप द्यायची आणि नावांपाशी थांबायचे. हे थांबणे शिकवावे लागते. आपल्या भागाच्या, आपल्या माणसांच्या इतिहासावर प्रेम असताना ते अवघड जाते, हे खरे आहे. पण ज्याला आधार आहे ते ठामपणे सांगण्याचा अधिकार याच थांबण्यातून येतो.

गुरूच्या भोवती बसून मूळ कागद वाचायचा, ही पद्धत विद्यापीठांत रूढ केली ती एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या लिओपोल्ड फॉन रांके यांनी. रांके मोजक्या विद्यार्थ्यांना घरी बोलवत, त्यांच्यापुढे मध्ययुगीन साधने ठेवत आणि प्रत्येकाकडून चिकित्सा करून घेत. आज ज्याला सेमिनार म्हणतात, त्याची मुळे त्या बैठकीत आहेत. व्याख्यान कमी, वाचन जास्त. आपल्याकडे नेमके उलटे होताना दिसते. उद्घाटन, सत्कार, बीजभाषण, मग ‘संशोधन पद्धती’ या विषयावर पडद्यावर सरकणारी चित्रे, गृहीतके आणि उद्दिष्टे कशी लिहावीत याचे नमुने, आणि शेवटी प्रमाणपत्र. विद्यार्थी दोन दिवस टिपणे काढतो, पण एकाही जुन्या कागदाला त्याचा हात लागत नाही. असे बसून परतलेल्या मुलांशी बोलले, की ती चांगल्या मनाने सांगतात, माहिती खूप मिळाली. प्रबंधाचे काम मात्र तिथेच असते.

व्याख्यानाऐवजी कागद हाती घेण्याचा, सांगली जिल्ह्यातच एका शाळामास्तराने दाखवलेला रस्ता आहे. वासुदेवशास्त्री खरे मूळचे गुहागरचे, १८५८ सालचा जन्म. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवत. मिरज हे पटवर्धन सरदारांचे ठाणे आणि पेशवाईच्या उत्तरार्धातील लष्करी मोहिमांचा पत्रव्यवहार पटवर्धनांच्या दप्तरांत पडून होता. खरेशास्त्र्यांनी ती दप्तरे वाचली, हाताने नकला केल्या, कालक्रमाने लावल्या आणि १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला सुरुवात केली. त्यांच्यापाशी विद्यापीठाची इतिहासाची पदवी नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती. शाळेचे तास सांभाळून हे काम चालले. १९२४ साली ते गेले, तोवर लेखसंग्रहाचे भाग एकामागून एक येत राहिले होते. अठराव्या शतकातील मराठ्यांवर लिहिणारा कोणीही अभ्यासक या भागांवाचून पुढे जाऊ शकत नाही. जतहून मिरज एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. संशोधक विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत खरेशास्त्र्यांचा एक भाग टेबलावर ठेवला, त्यातल्या एका पत्राची तारीख, लिहिणारा, ज्याला लिहिले तो, आणि पत्रात न लिहिलेले पण गृहीत धरलेले काय, एवढे जरी काढायला लावले, तरी एक दिवस सार्थकी लागेल.

त्याच पिढीत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे एकूण बावीस झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी कागदपत्रे, चित्रे आणि वस्तूंचा मोठा संग्रह केला, तो पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३०च्या दशकात सिद्ध केले. आणि १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार होते. ताराबाईंच्या काळातील कागदपत्रांचे संपादन त्यांच्या नावावर आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या मुलांचे विद्यापीठ मूळ कागद जाणणाऱ्या माणसाच्या हाताखाली वाढले, ही लहान गोष्ट नव्हे.

तर आता जतचा स्वतःचा कागद कुठे आहे?

जत हे डफळ्यांचे संस्थान. घराण्याचे मूळ आडनाव चव्हाण. डफळापूरच्या पाटिलकीवरून डफळे झाले. सटवाजीराव चव्हाण-डफळे यांना आदिलशाहीत या भागाची देशमुखी मिळाली. विजापूर पडल्यावर मोगल, मग सातारचे छत्रपती आणि पेशवे, मग १८२०चा इंग्रजांशी करार. १८२७मध्ये कर्जापायी सातारच्या छत्रपतींनी जहागीर जप्त केली, ती १८४१मध्ये परत मिळाली. १८४८ला सातारा खालसा झाल्यावर औंध, फलटण, भोर, अक्कलकोटप्रमाणे जतही थेट इंग्रजांच्या मांडलिकीत आले. १८७४ ते १८८५ अशी अकरा वर्षे इंग्रज सरकारने, तत्कालीन जहागीरदाराच्या जुलमाच्या तक्रारींमुळे, कारभार स्वतःकडे घेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जतवर देखरेख विजापूरच्या कलेक्टरची होती. १९१७ला डफळापूर जतमध्ये विलीन झाले. १९३३नंतर दख्खनच्या संस्थानांसाठी कोल्हापूरला वेगळी एजन्सी आली. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि त्या जिल्ह्याचे नाव १९६०च्या नोव्हेंबरात सांगली झाले.

हा परिच्छेद कोरडा वाटला असेल, पण प्रबंध लिहिणाऱ्यासाठी तो नकाशाच आहे. ज्या ज्या सत्तेकडे जत गेले, त्या त्या सत्तेच्या दप्तरात जतचा कागद गेला. आदिलशाही आणि मोगल काळासाठी फारसी फर्माने. पेशवाईसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. एकोणिसाव्या शतकासाठी मुंबईच्या पुराभिलेखागारातले राजकीय विभागाचे खंड. एजन्सीच्या काळासाठी कोल्हापूर आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, काही लंडनला. विजापूर तर जतहून सांगलीपेक्षा जवळ, पण आता ते दुसऱ्या राज्यात. जतची मुलगी जतमध्ये बसून जतचा प्रबंध लिहू शकत नाही, आणि कुठे जायचे, काय मागायचे, हे कोणी सांगितले नाही तर ती दुय्यम पुस्तकांतली तीच चार पाने पुन्हा लिहिते. अभिलेखागारात पहिल्या दिवशी काय करायचे, विद्यापीठाचे पत्र कसे न्यायचे, यादी कशी पाहायची, मागणी-चिठ्ठीवर खंडाचा क्रमांक कसा लिहायचा, टिपणाच्या डोक्यावर विभाग, साल, खंड आणि पान आधी लिहून मगच मजकूर उतरवायचा, असे साधे साधे असते. पण नेमके हेच कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. परत आल्यावर टिपण आहे आणि पान क्रमांक नाही, ही वेळ जवळपास प्रत्येक संशोधकावर एकदा तरी येते. जतहून मुंबईला पुन्हा जाणे हे एका पान क्रमांकासाठी फार महाग असते.

वरच्या नकाशातूनच विषयही निघतो. नोंदणीच्या वेळी विद्यार्थी सर्रास ‘जत संस्थानाचा इतिहास : एक अभ्यास’ असा विषय घेऊन येतात. पावणेतीनशे वर्षे तीन-चारशे पानांत कोंबायची, म्हणजे कशालाही न्याय मिळत नाही. त्यापेक्षा त्या अकरा वर्षांकडे पाहावे. १८७४ ते १८८५. याच काळात, १८७६ ते १८७८, दख्खनचा महादुष्काळ पडला. म्हणजे दुष्काळाच्या वेळी जतचा कारभार थेट इंग्रज सरकारच्या हातात होता. मग शेजारच्या खालसा मुलखात जी दुष्काळी कामे निघाली, तशी जतमध्ये निघाली का? शेतसाऱ्याची सूट मिळाली का? जनावरे कुठे गेली, माणसे कुठे गेली? संस्थानिकाच्या राज्यात राहणारा शेतकरी आणि इंग्रजी मुलखातला शेतकरी यांच्या हालात फरक पडला का? प्रश्न लहान आहे, साल ठरलेले आहे, कागद कुठे शोधायचे ते ठाऊक आहे, आणि उत्तराची जतबाहेरच्या वाचकालाही गरज आहे. चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला विषय देत नाही. मोठ्या विषयातून असा प्रश्न कापून काढायला शिकवतो. इटलीचे उंबर्तो एको यांनी १९७७ साली प्रबंध कसा लिहावा यावर एक पुस्तक लिहिले. त्यातही विषय जितका आटोपशीर तितका तो नीट हाताळता येतो, हाच आग्रह आहे. प्राध्यापकांना धीर वाटावा म्हणून सांगायचे, की एको हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहीत होते तेही पैसा आणि वेळ कमी असलेले, लहान गावातले विद्यार्थी होते.

मग येते लिपी. संस्थानी कारभारातला मराठी कागद मोडीत आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि बोरू न उचलता अक्षरे तिला लटकवत जातात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे केलेली असतात. महिना-दोन महिने रोज सराव केला तर छापील नमुने वाचता येतात; खऱ्या हस्ताक्षराला वेळ लागतो, कारण प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. ज्याला मोडी येत नाही त्याने पेशवाईवर प्रबंध लिहू नये, असे म्हणणे कठोर वाटेल. तरी नोंदणीनंतरचे पहिले सहा महिने मोडीला द्यावेत, एवढे तरी प्रत्येक मार्गदर्शकाने हट्टाने सांगावे.

अक्षर लागले तरी तारीख लागतेच असे नाही. जुन्या पत्रात ‘छ’ आणि पुढे आकडा दिसतो, तो चंद्राचा म्हणजे मुसलमानी महिन्यातला दिवस. साल अरबी शब्दांत असते. समजा पत्रावर ‘सलास सबैन अलफ’ असे आहे. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, अलफ हजार; सुहूर सन १०७३. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. उमराणीची लढाई एप्रिलमधली, तेव्हा १०७३ अधिक ६००, म्हणजे १६७३. शकाने मोजले तर तोच महिना शके १५९५च्या सुरुवातीचा. फसली सनाचा हिशेब पुन्हा वेगळा. एका मृगाच्या चुकीने पत्र वर्षभर मागेपुढे जाते आणि कारणाआधी परिणाम येऊन बसतो. असे दहा कागद फळ्यावर सोडवले, की मुलांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद दिसतो. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना तर मृगाला वर्ष बदलते हे पटकन पटते; पेरणीचे वर्ष तिथूनच सुरू होते.

जतला मोडीवरच भागत नाही, हे इथले वैशिष्ट्य. पूर्व भागात उमदी, संख, गुड्डापूरकडे घरात कन्नड बोलतात, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही राज्यांतून लोक येतात. सांगली जिल्ह्यातले मध्ययुगीन शिलालेख बऱ्याच ठिकाणी हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये आहेत. म्हणजे जतच्या इतिहासाला मराठी, कन्नड आणि फारसी अशा तीन भाषांच्या वाटा आहेत. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला कन्नड शिकण्यापासून सुरुवात करावी लागेल. उमदीच्या मुलाला ती आईकडून मिळालेली असते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७मध्ये जत तालुक्यातली काही गावे कर्नाटकात जावीत असे सुचवले होते, आणि २०२२च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांचा विषय काढल्यावर पुन्हा वादळ उठले. त्यामागे भाषेइतकाच पाण्याचा प्रश्न होता. म्हैसाळ योजनेचे पाणी पूर्व भागाला मिळावे, ही मागणी जुनी आहे. सीमाप्रश्नावर राजकीय भाषणे खूप झाली आहेत. त्या गावांतल्या ग्रामपंचायतींची इतिवृत्ते, शाळांची पटपत्रके, टँकरच्या नोंदी यांवर उभा राहिलेला प्रबंध याहून निराळे काही सांगेल, आणि तो लिहायला दोन्ही भाषा येणारा माणूस लागेल.

कागदाइतकाच माणसाचा आवाज हेही साधन आहे. त्याचे धडे घ्यायलाही सांगली-साताऱ्याला बाहेर जावे लागत नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवणारे, इंग्रज सत्तेला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, वयाच्या नव्वदीतही ती हकीकत सांगत होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती टिपून ठेवली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ला गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ला. ज्यांनी त्यांना प्रश्न विचारले, त्यांच्यापाशी साधन आहे; बाकीच्यांना आता त्या टिपणांवरच विसंबावे लागेल. म्हणून मुलाखत घेणे हा कार्यशाळेतला सर्वांत तातडीचा भाग आहे. प्रश्न उत्तर सुचवणारा नसावा, बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी, ध्वनिमुद्रण जसेच्या तसे उतरवून ठेवावे, दिवस आणि ठिकाण लिहावे, आणि सांगितलेले कागदाशी ताडून पाहावे. आजोबा चुकीचे साल सांगतात तेव्हाही ते खोटे बोलत नसतात. त्यांच्या आठवणीत कशाशेजारी काय जाऊन बसले आहे, हेही इतिहासाला हवे असते.

प्रबंधासाठी आलेली व्यक्ती एखाद्या भागाची होऊन कशी जाते, याचे उदाहरण वाळवा तालुक्यातल्या कासेगावात आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्वेट सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. करण्यासाठी महाराष्ट्रात आल्या. मराठी शिकल्या, ग्रामीण भागातून निघणारी जुनी मराठी नियतकालिके वाचली, माणसांत हिंडल्या. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९७३मध्ये त्यांना पदवी दिली, १९७६मध्ये प्रबंध पुस्तकरूपाने आला. त्या भारताच्या नागरिक झाल्या, कासेगावात राहिल्या आणि तिथेच ऑगस्ट २०२१मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या नियतकालिकांना तोवर इतिहासाचे साधन म्हणून फारसे कोणी विचारत नव्हते, त्यांवर त्यांनी प्रबंध उभारला. अशी धूळ खाणारी मासिके आणि साप्ताहिके कराड, सांगली, तासगावच्या जुन्या वाचनालयांत आजही चाळण्याजोगी असतील. मुलांना तिथे घेऊन जायला हवे.

नियमांचाही भाग असतो, तो थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. कोर्स वर्क किमान बारा श्रेयांकांचे असते आणि संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय त्यात सक्तीचा आहे. एम.फिल. बंद झाले. वाङ्मयचौर्याबद्दल २०१८चे नियम आहेत: दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यावर चाळीस टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांत पुन्हा द्यायचा, साठ टक्क्यांपलीकडे गेले तर नोंदणीच रद्द. विद्यार्थी या टक्क्यांना घाबरतात आणि संगणकाने दाखवलेली वाक्ये फिरवून लिहीत बसतात. शब्द बदलले पण दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडली, तर यंत्र गप्प राहते आणि चोरी मात्र तशीच राहते. अलीकडे यंत्राकडून मजकूर लिहून घेणारेही आहेत. त्या मजकुरातले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात, आणि तोंडी परीक्षेत ते पुस्तक कुठे पाहिले असे विचारले की उत्तर राहत नाही. ज्याने कागद स्वतः पाहिला त्याला भीती नसते. त्याच्या तळटिपा हीच त्याची साक्ष.

‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध खुले आहेत. विषय ठरवण्याआधी तिथे दोन दिवस बसावे. आपल्या विषयावर कोणी काय केले ते कळते, आणि चांगला प्रबंध कसा दिसतो तेही. जुनी गॅझेटिअर्स, राजवाड्यांचे खंड, इंग्रजी पत्रव्यवहार असे बरेच आता फोनवर वाचता येते. जतसारख्या गावाला याने मोठा आधार दिला आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे ज्या घरांतून आजवर कोणी पदवीपर्यंत पोहोचले नव्हते, त्या घरांतली मुले प्रबंध लिहीत आहेत. त्यांच्यासाठी घेतलेली कार्यशाळा नीट झाली पाहिजे, असे मनापासून वाटते ते यासाठीच. घरात विचारायला कोणी नाही, शेजारी ग्रंथालय नाही. दोन दिवसांत जे हाती लागेल त्यावर त्यांची पुढची पाच वर्षे जायची असतात.

तालुक्यातच हाताशी असलेला एक विषय मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५मध्ये त्यांनी तो प्रयोग केला, १९७२च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामे निघाली, १९७७मध्ये कायदा झाला. योजनेवर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. जतच्या रस्त्यांवर खडी फोडलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कामावर कोण जायचे, पाळण्यातले मूल कुठे ठेवायचे, कामावर खायला मिळणारी सुकडी कशी लागायची, मजुरी कोणाच्या हातात यायची, मुकादमाशी बोलायचे कोण, हे त्यांना आठवते. त्यातल्या पूर्व भागातल्या कित्येकजणी हे कन्नडमध्ये सांगतील. हजेरीपटावर मात्र त्यांची नावे मराठीत, कारकुनाला जशी ऐकू आली तशी उतरलेली असणार आणि पुढे अंगठा. ती नावे आणि त्या बायका यांची गाठ घालून देईल असा विद्यार्थी हवा, आणि हजेरीपट रद्दीत जाण्याआधी हवा.